डब्यावरचे शब्द नकोत, स्कूपमधलं शिसं मोजा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा सांगलीहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा मोठा, प्रोटीन पावडरीचा एक काळा डबा होता. दोन किलोचा, चॉकलेट फ्लेवर, 'प्लँट बेस्ड', 'ऑरगॅनिक', हिरवं पान, पळणाऱ्या माणसाचं चित्र. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पाण्यात एक शीग भरलेला स्कूप. संध्याकाळी जिमनंतर दुसरा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मावशी, तुझ्या लॅबमध्ये याच्यातलं प्रोटीन तपासतात का गं?"

मी म्हटलं, प्रोटीन तपासतात, पण मी धातू तपासते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका अन्न तपासणी प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं काम करते आहे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा हे माझं रोजचं काम. हळद येते, मसाले येतात, बेबी फूड येतं, आणि गेल्या काही वर्षांत प्रोटीन पावडरी फार येतात. भाच्याच्या डब्यातला नमुना मी रीतसर पैसे भरून, नंबर पाडून टाकला. शिसं निघालं किलोला ०.११ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.१२. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं. त्यालाही तसंच वाटलं. मग आम्ही स्वयंपाकघरात बसून हिशोब केला. तोच हिशोब तुम्हालाही करता यावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्कूप तोला

घरात केक किंवा मिठाईसाठी घेतलेला छोटा डिजिटल काटा असेल तर काढा. भाच्याच्या डब्यावर 'एक स्कूप ३५ ग्रॅम' असं छापलं होतं. तो जसा भरतो तसा भरायला लावला तर ४२ ग्रॅम भरले. दोन वेळा म्हणजे ८४.

आता गुणाकार. प्रयोगशाळेचा अहवाल मिलिग्रॅम प्रति किलो या मापात येतो, काही जण त्यालाच पीपीएम लिहितात. दोन्ही एकच. आणि किलोला एक मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम. म्हणून अहवालातला आकडा गुणिले तुम्ही दिवसाला घेता ते ग्रॅम, की पोटात जाणारे मायक्रोग्रॅम हातात येतात. ०.११ गुणिले ८४ म्हणजे ९.२४ मायक्रोग्रॅम शिसं, दररोज. कॅडमियम १० मायक्रोग्रॅम.

हे जास्त की कमी? इथे चार वेगवेगळे आकडे तुमच्या कानावर येतील आणि गोंधळ उडेल, म्हणून प्रत्येकाचा अर्थ सांगते. कॅलिफोर्नियाच्या 'प्रॉप ६५' कायद्यात शिशासाठी दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम आणि कॅडमियमसाठी ४.१ हे आकडे आहेत. त्यापुढे गेलं की ग्राहकाला इशारा द्यावा लागतो. शिशाचा तो आकडा मुद्दाम फार खाली ठेवलेला आहे, ज्या पातळीला प्रजननावर परिणाम दिसला नाही तिचा हजारावा भाग. म्हणून ०.५ ओलांडलं की विषबाधा झाली असं अजिबात नाही. अमेरिकेच्या औषध मानकांत, म्हणजे यूएसपीत, पूरक आहारातून दिवसाला ५ मायक्रोग्रॅम शिसं आणि ५ कॅडमियम ही मर्यादा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा संदर्भ आकडा लहान मुलांसाठी २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम शिसं, पण हा दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्याचा मिळून आहे, एका डब्याचा नव्हे.

आणि जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाची आपली जुनी 'चालेल' ही मर्यादाच मागे घेतली, कारण ज्याच्याखाली काहीच होत नाही अशी पातळी सापडेना.

माझा स्वतःचा नियम सांगते. स्कूपमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत शिसं असेल तर मी घरच्या माणसाला 'घे' म्हणते. १ ते ५ च्या मध्ये असेल तर दुसरा डबा शोध म्हणते. ५ च्या वर असेल तर झाकण लाव. हा कुठल्या सरकारी कागदावरचा नियम नाही, रोज हे आकडे बघणाऱ्या बाईचा आहे.

धातू येतो कुठून

कोणी मुद्दाम घालत नाही, हे आधी लक्षात घ्या. जमिनीत असतं ते झाड उचलतं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली बंद झालं, पण धुरातून मातीत बसलेलं शिसं कुठे जात नाही. आता वाटाणा, तांदूळ किंवा सूर्यफुलाच्या बियांतून पिष्ट, तेल, चोथा काढून फक्त प्रोटीन गोळा केलं, की त्याला चिकटलेला धातूही त्याच डब्यात गोळा होत जातो. तांदूळ तर पाणी भरलेल्या खाचरात वाढतो आणि तिथे आर्सेनिक मुळांना सहज मिळतं. आमची कोकणातली आजी भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्यायची. पाणी चांगलं असेल तर त्या पेजेबरोबर आर्सेनिकचाही बराच भाग निघून जातो. राईस प्रोटीनच्या पावडरीला अशी वेळणी नाही.

व्हेचं तसं नाही. पनीरसाठी दूध फाडल्यावर कापडाखाली जे हिरवट पाणी उरतं, तसंच पाणी चीज करताना उरतं आणि मोठ्या कारखान्यात त्याचं व्हे प्रोटीन होतं. गाईने चाऱ्यातून धातू खाल्ला तरी तो बहुतेक तिच्या हाडांत, यकृतात, मूत्रपिंडांत अडकतो. दुधात फार थोडा उतरतो. जनावर मध्ये चाळणीसारखं उभं असतं. झाडाच्या पावडरीत मध्ये कोणीच नसतं.

चॉकलेटचं कारण वेगळं. कोकोचं झाड जमिनीतून कॅडमियम उचलतं, आणि शिसं नंतर येतं, शेंगा फोडून बिया उघड्यावर वाळत घातल्या की धुळीबरोबर.

'ऑरगॅनिक' या शब्दावर तर मी अनेकदा लोकांशी तळमळून बोलते. रासायनिक खत आणि कीटकनाशक टाकलं नाही, एवढंच तो शब्द सांगतो. मातीतलं शिसं त्याला माहीतच नाही.

बाहेरच्या तपासण्याही हेच दाखवतात. अमेरिकेतल्या क्लीन लेबल प्रोजेक्ट या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये ७० ब्रँडच्या १६० पावडरींचा अहवाल काढला. ४७ टक्के पावडरी प्रॉप ६५ च्या कुठल्या ना कुठल्या मर्यादेपुढे. वनस्पतीजन्य पावडरींत व्हेच्या सरासरी तिप्पट शिसं, ऑरगॅनिकमध्ये इतरांच्या तिप्पट, आणि चॉकलेटमध्ये व्हॅनिलाच्या चौपटीपर्यंत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या तिथल्याच ग्राहक संस्थेने २३ पावडरी आणि शेक तपासले. दोनतृतीयांशांहून जास्त उत्पादनांच्या एकेका सर्व्हिंगमध्ये ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं आणि सगळ्यात वर होता एक व्हीगन मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची वनस्पतीजन्य पावडर, ७.७ मायक्रोग्रॅम. मास गेनरचं सर्व्हिंगच मोठं असतं हेही त्यामागचं एक कारण.

भाच्याचा डबा वनस्पतीजन्य, ऑरगॅनिक आणि चॉकलेट, तिन्ही होता.

आपल्या देशातलं काम बघायचं तर केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक अॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी छापली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडाच जुळला नाही. १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. काही डब्यांतल्या वनस्पतींच्या अर्कांमुळे यकृताला धोका होऊ शकतो, हेही त्यांनी बजावलं. म्हणून सांगते, पावडर साधी घ्या. अश्वगंधा, ग्रीन टी अर्क, 'फॅट बर्नर' असली भर नको.

कंपनीकडून काय मागायचं

दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्याच्याकडे कागद नसतो. डब्यावर ग्राहक सेवेचा ई-मेल असतो. त्यावर एवढंच लिहा:

"माझ्या डब्यावरचा बॅच नंबर अमुक आहे. या बॅचच्या तयार मालाचा शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचा तपासणी अहवाल कृपया पाठवा. प्रत्येक धातूचा आकडा, तपासणीची पद्धत आणि एलओक्यू त्यात असावा."

एलओक्यू म्हणजे प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकते तो सगळ्यात लहान आकडा, त्याबद्दल पुढे सांगते. 'तयार मालाचा' हे शब्द गाळू नका. काही जण परदेशातून आलेल्या कच्च्या व्हेचा कागद पाठवतात, पण कोको, गोडवा, फ्लेवर त्यानंतर मिसळलेला असतो. ज्या कंपनीला कागद द्यायचा असतो ती देते. पंधरा दिवस थांबून नुसतं 'आमची सर्व उत्पादने सुरक्षित आहेत' असं उत्तर आलं तर मी तो डबा घेत नाही.

कागद आला की तो वाचायचा कसा

इथे थोडी थांबते, कारण फसगत याच ठिकाणी होते.

पहिली गोष्ट. कागदावर 'हेवी मेटल्स: १० पीपीएमपेक्षा कमी' अशी एकच ओळ असेल तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. ही जुनी चाचणी. नमुन्याच्या द्रावणात सल्फाइड घालून रंग किती काळवंडतो ते डोळ्यांनी बघायचं, आणि सगळे धातू एकत्र धरायचे. अमेरिकी मानकांतून ही पद्धत २०१८ च्या सुरुवातीला काढून टाकली, तरी कागदांवर ती ओळ अजून येते. गुणाकार करा: १० पीपीएम गुणिले ३० ग्रॅम म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. एवढं शिसं असूनही ती चाचणी 'पास' म्हणेल.

दुसरी गोष्ट म्हणजे एलओक्यू. आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे नीट उलगडेल. अर्धा ग्रॅम पावडर टेफ्लॉनच्या नळीत तोलायची, वर नायट्रिक अॅसिड, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण आवळून मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये. बाहेर काढून गार झाल्यावर धुरांड्याखाली झाकण सैल केलं की तपकिरी धूर निघतो आणि खाली पाण्यासारखं स्वच्छ, किंचित पिवळसर द्रावण उरतं. चॉकलेट, व्हॅनिला, मँगो, सगळ्या पावडरी त्या क्षणी सारख्याच दिसतात. ते पातळ करून आयसीपी-एमएस यंत्राला द्यायचं. आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या झोतात त्याचे अणू सुटे होतात आणि यंत्र ते वजनानुसार मोजतं. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ हे तिन्ही समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आम्ही एकत्र धरतो. प्रत्येक खेपेला एक नळी रिकामी, फक्त अॅसिडची, आणि एका नळीत माहीत असलेलं शिसं मुद्दाम घातलेलं. रिकाम्या नळीत काही दिसलं, किंवा घातलेलं पुरतं परत मिळालं नाही, तर सगळी खेप पुन्हा. हातमोज्यावरची धूळसुद्धा आकडा बिघडवते.

प्रत्येक प्रयोगशाळा किती खालपर्यंत खात्रीने मोजू शकते त्याची एक सीमा असते, तीच एलओक्यू. त्याखाली अहवालात 'बीएलक्यू' छापतात. लोक बीएलक्यू म्हणजे शून्य समजतात. तसं नाही. एलओक्यू ०.१ असेल तर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये जवळपास ३ मायक्रोग्रॅम शिसं असूनही बीएलक्यूच छापून येईल. एलओक्यू ०.०१ असेल तर तेच बीएलक्यू खरंच चांगलं, कारण स्कूपमागे जास्तीत जास्त ०.३. एलओक्यूलाही स्कूपने गुणायचं, हे विसरू नका.

बाकीचं पटकन: कागदावरचा बॅच नंबर डब्याच्या तळाशी असलेल्याशी जुळतो का, तारीख त्या मालाची आहे का, आणि प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासून मान्य करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का. ती कोणत्या तपासण्यांसाठी आहे हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर दिसतं. एखादी प्रयोगशाळा प्रोटीनसाठी मान्य आणि धातूंसाठी नाही, असंही असतं.

एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर हवाच, पण तो परवाना आहे. त्यावरून या बॅचमध्ये शिसं किती हे कळत नाही. परदेशी शिक्क्यांतही फरक आहे. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'चा भर खेळाडूंना बंदी असलेल्या द्रव्यांवर आहे. 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'मध्ये त्याबरोबर जड धातूही बघतात.

कंपनीने दाद दिली नाही आणि तुम्हाला खात्री करूनच घ्यायची असेल, तर जिममधल्या पाच-सहा जणांनी मिळून एक सीलबंद डबा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. चार धातू, आयसीपी-एमएस, एलओक्यू ०.०१ असं सांगून खर्च आधी विचारावा. व्हिडिओत दाखवतात तसं पावडर पेटवून, आयोडीन टाकून किंवा पाण्यात विरघळवून धातू कळत नाही. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळूनही तो जात नाही.

निवड आणि घेण्याची रीत

दूध चालत असेल तर साधं व्हे, बिनफ्लेवरचं किंवा व्हॅनिला. दूध चालत नसेल किंवा खायचं नसेल, तर वनस्पतीजन्य पावडर वाईट असं मी म्हणणार नाही, चांगले अहवालही मी पाहिले आहेत. पण तिथे कागदाशिवाय घ्यायचं नाही आणि चॉकलेट टाळायचं.

उपाशीपोटी घेऊ नका. हे मी भाच्याला पहिल्या दिवशीच सांगितलं. रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर त्याचा थोडाच भाग आत जातो. नाश्त्याबरोबर, दुधात घ्या. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं अधिक ओढून घेतं, कॅडमियमचंही लोहाशी तसंच नातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. जिमला जाणाऱ्या मुलींनो, डबा आणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

गरोदर बाई, बाळाचा विचार करणारी, अंगावर पाजणारी, अठराच्या आतली मुलं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले, यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण त्यातलं जे हाडांत जातं ते दहा-वीस वर्षं तिथे राहतं, आणि गरोदरपणात हाडातून कॅल्शियम सुटतं तेव्हा त्याच्याबरोबर बाळापर्यंत पोचतं. कॅडमियम असंच मूत्रपिंडात घर करतं.

किती घ्यायचं हाही प्रश्न आहेच. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजनं उचलणाऱ्यालासुद्धा १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंसाठी जादा फायदा नाही, असं त्यांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत आहे. भाच्याचं वजन ६८ किलो, म्हणजे फार तर १०९ ग्रॅम. त्याचं रोजचं ताट आम्ही कागदावर उतरवलं. तीन अंडी १९, दोन ग्लास दूध १६, सहा चपात्या १८, दोन वाट्या आमटी १३, मूठभर शेंगदाणे ७. ताईने आठवड्यातून चार दिवस ५० ग्रॅम सोया वडी करायचं कबूल केलं, ते २६. त्या दिवशी झाले ९९. बाकीचे १० ग्रॅम एक वाटी दही आणि फुटाण्यांत निघतात. दोन स्कूपची गरजच नव्हती.

त्याला परीक्षेच्या दिवसांत मेसवर राहावं लागतं, तिथे आमटी पातळ आणि अंडी नाहीत, म्हणून एक स्कूप ठेवायचा ठरला.

जे लोक वर्षभर असा डबा खात आले आहेत त्यांनी घाबरू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासावं. मागच्या एक-दोन महिन्यांचं चित्र त्यात दिसतं. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका आणि 'डिटॉक्स'ची औषधं स्वतःहून मुळीच घेऊ नका. आकडा जास्त आला तर फक्त पावडरीकडे बोट दाखवू नका. सुटी, फार पिवळीधमक हळद, धातूंची भस्मं, सुरमा, पितळी भांड्यांची शिसे मिसळलेली कल्हई, जुन्या रंगाची भिंत, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. व्हॅनिला व्हे, कंपनीने पाठवलेल्या अहवालाचा फोटो, आणि खाली त्यानेच केलेला हिशोब: '०.०२ × ३० = ०.६. एलओक्यू ०.०१. मावशी, बरोबर ना?' मी त्याला डब्याच्या तळाचा फोटो मागितला. पाच मिनिटांनी आला. बॅच नंबर जुळत होता.